क्रूझवरची पाच दिवसांची पंगत आणि वजन

प्रश्न: माझं वय ५२, राहणार राजारामपुरी. खाणं सांभाळून आणि रोज रंकाळ्यावर चालून आठ महिन्यांत ७८ वरून ७१ किलोवर आले. दिवाळीनंतर आम्ही चौघं, म्हणजे मी, मिस्टर, जाऊबाई आणि भाऊजी, मुंबईहून गोवा-लक्षद्वीपच्या क्रूझवर चाललोय. पाच रात्रींचा प्रवास आहे. जाऊबाई मागं सिंगापूरच्या क्रूझवरून आल्या तेव्हा पाच दिवसांत तीन किलो वाढल्या होत्या. मिस्टरांना दहा वर्षं शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. तिथं दिवसभर खाणं सुरूच असतं म्हणे, आणि सगळं तिकिटातच. मी काय करू? फक्त सॅलड आणि फळांवर राहू का?

उत्तर:

ताई, सॅलड-फळांवर राहायचं आधी डोक्यातून काढून टाका. बावीस वर्षं मी कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय आणि सहलीला जाताना असा निश्चय करून गेलेल्यांचं पुढं काय होतं ते पुष्कळदा बघितलंय. पहिला दिवस निभतो. दुसऱ्या संध्याकाळी सगळे हसतखेळत जेवत असताना आपण काकडी चावत बसलो की चिडचिड सुरू होते, आणि रात्री अकरा वाजता पास्त्याच्या काउंटरसमोर निर्धार सुटतो. मग उरलेले दिवस 'आता मोडलंच आहे तर' म्हणून जातात. तुम्ही सात किलो उतरवलेत ते भाकरी, आमटी, उसळ, अंडी खाऊन. जहाजावरही नीट जेवूनच ते टिकवायचंय.

आधी जाऊबाईंच्या तीन किलोंचा हिशेब करू, कारण तुमची खरी भीती त्यातच आहे. अंगावर एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. तीन किलो म्हणजे २३,१००. पाच दिवसांत वाटून घेतल्या तर रोज साडेचार हजारांच्या वर, आणि तेही आपल्या रोजच्या जेवणाव्यतिरिक्त. आपल्या वयाच्या बाईची दिवसाची गरज अठराशेच्या आसपास असते. म्हणजे जाऊबाईंनी रोज साडेतीन दिवसांचं खाल्लं असं होईल. ते शक्य नाही.

मग काटा तीन किलो का दाखवत होता? बरंचसं पाणी. हॉटेलच्या आणि जहाजाच्या स्वयंपाकात मीठ घरापेक्षा जास्त असतं. सॉस, चीज, सूप, लोणची, पाव, सगळ्यात ते दडलेलं असतं. मीठ वाढलं की शरीर पाणी धरून ठेवतं, अंगठी घट्ट होते, पायावर मोज्यांचे वळ उठतात. दुसरं कारण असं की साखर आणि पिष्ट पदार्थ जास्त गेले की यकृत आणि स्नायू त्यांचा साठा करतात, त्याला ग्लायकोजेन म्हणतात, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत तीनेक ग्रॅम पाणी अडकतं. कमी खाऊन वजन उतरवलेल्या माणसाचा हा साठा थोडा रिकामा असतो. तीनशे ग्रॅम साठा भरला तर काट्यावर सव्वा किलोच्या घरात फरक पडतो आणि त्यात चरबीचा एक कणही नसतो. शिवाय प्रवासात पोट साफ होत नाही, त्याचंही वजन असतंच.

तुम्ही रोज ८०० कॅलरी जास्त खाल्ल्या, म्हणजे चांगलंच सैल सोडलं, तरी पाच दिवसांचे ४,००० होतात. चरबी वाढेल अर्धा किलोच्या जरा वर. एवढंच. पण म्हणून दुर्लक्ष करण्यासारखं नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये १२२ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक ते तीन आठवड्यांच्या सुटीत त्यांचं वजन सरासरी तीनशे ग्रॅमच्या आसपास वाढलं. आकडा छोटा आहे, पण सहा आठवड्यांनीही ते उतरलं नव्हतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. म्हणजे जपायचं ते जहाजावर थोडं आणि घरी आल्यावर जास्त. त्याकडे शेवटी येते.

आता जहाजावर नेमकं काय होतं ते. आपल्याकडं जेवणाला सुरुवात असते आणि शेवट असतो. पंगत बसते, मीठ-लिंबू-चटणीपासून पान वाढलं जातं, वाढपी फिरतात, आग्रह होतो, शेवटी मठ्ठा आणि भात येतो आणि पंगत उठते. घरी मटणाचा बेत असला तरी तसंच. तांबडा, पांढरा, सुक्कं, भाकरी, शेवटी मूठभर भात. एकदा आडवा हात मारला की रात्री भूक नसते, वाटीभर ताकावर भागतं. त्यात वार पाळणारी घरं. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत मटण शिजत नाही. कोल्हापूरची माणसं तिखट-तर्रीचं, दणकून खातात हे खरं, पण त्या खाण्याला ही कुंपणं होती, आणि पूर्वी अंगमेहनत होती.

क्रूझवर ही कुंपणंच नसतात. सकाळी सातच्या सुमाराला नाश्ता मांडला जातो, तो आवरेपर्यंत दुपारचं जेवण लागतं, चारच्या आसपास चहा-केक-सँडविच, मग रात्रीचं जेवण, शो संपल्यावर पुन्हा काहीतरी. पंगत कुणी उठवतच नाही. वार कुठला हे दुसऱ्या दिवशी लक्षातही राहत नाही. त्यात पदार्थ पन्नास. एका चवीनं मन भरतं, पण वेगळी चव समोर आली की खायची इच्छा परत जागी होते. पोट तुडुंब भरल्यावर आइस्क्रीमला जागा निघते ती यामुळंच. आहारशास्त्रात हे नीट तपासलं गेलंय. त्यामुळं बुफेसमोर आपला संयम कमी पडला तर स्वतःला दोष देऊ नका. तिथं मांडणीच अशी असते.

आणि एक गोष्ट सगळ्यांच्या मनात असते, ती म्हणजे पैसे वसूल व्हायला हवेत. माझ्याकडं आलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं होतं, "मॅडम, तिकिटाचे पैसे आठवले की हात आपोआप चमच्याकडं जातो." मी त्यांना म्हटलं, पैसे तुम्ही समुद्रासाठी भरलेत, पहाटेच्या डेकसाठी भरलेत, पाच दिवस स्वयंपाकघराचं तोंड न बघणाऱ्या तुमच्या बायकोसाठी भरलेत. ताई, तुमच्या बाबतीत तर हे शंभर टक्के खरं आहे.

म्हणून माझा मुख्य सल्ला हा: जहाजावर तुमची पंगत तुम्हीच बसवा आणि तुम्हीच उठवा. दिवसाला तीन बैठका. प्रत्येक वेळी टेबलावर बसून, ताट घेऊन. उभ्यानं, चालता चालता, 'नुसतं चाखून बघते' म्हणून काही तोंडात टाकायचं नाही. आणि घरून भाजलेल्या बडीशेपेची डबी न्या, त्यात थोडा ओवा आणि तीळ घाला. जेवण झालं की चौघांनी चिमूट चिमूट घ्यायची. बडीशेप तोंडात पडली की पंगत उठली. ऐकायला साधं वाटेल, पण माझ्या पेशंटना कॅलरी मोजण्यापेक्षा हे कितीतरी जास्त जमलंय. जिभेला शेवटची चव कळते, पुन्हा सुरुवात करावीशी वाटत नाही. भाऊजींनाही यात घ्या. एकटीनं पथ्य पाळणं अवघड जातं, चौघांनी रीत पाळली की ते पथ्य वाटतच नाही.

पहिल्या तासाला फार सांभाळा. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघाला तर सकाळी सीएसएमटीला उतराल. धक्क्यावर कागदपत्रं, सामानाची तपासणी, रांगा, यात दुपार होते. खोली लगेच ताब्यात मिळेलच असं नाही, म्हणून सगळी माणसं जहाजावर पाय ठेवला की थेट बुफेत शिरतात, तीही कडकडीत भुकेनं. पहिल्याच ताटात डोंगर होतो आणि पुढच्या पाच दिवसांची सवय तिथंच लागते. त्यामुळं मुंबईत उतरल्यावर नीट नाश्ता करा, वर पिशवीत फुटाणे आणि शेंगदाणे ठेवा, रांगेत मूठभर खा. जहाजावर गेल्यावर हात स्वच्छ धुवा आणि रिकाम्या हातानं सगळ्या काउंटरांवरून एक चक्कर मारा. काय काय आहे ते बघून घ्या, मग ताट उचला. काय घ्यायचं ते आधीच ठरलेलं असलं की ताट निम्म्यानं हलकं होतं. बसायची जागा काउंटरपासून लांबची, शक्यतो खिडकीकडची.

नाश्त्याला ऑम्लेट समोर करून देतात, ते दोन अंड्यांचं आणि भरपूर कांदा-टोमॅटो-मिरची घातलेलं घ्या, सोबत इडली किंवा पोहे, एखादं फळ. बेकरीच्या टोपलीकडं मात्र एकदाच जा. एका मध्यम क्रोसाँमध्ये अडीचशेच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे ज्वारीच्या एका भाकरीहून जास्त, आणि तासाभरात भूक परत उभी. मफिन, डोनट, साखरेचं कॉर्नफ्लेक्स तसलंच. क्रोसाँ खायचंच असेल तर एक घ्या, गरम असताना, सावकाश खा. उद्या पुन्हा नको.

दिवसातलं एकच जेवण मोठं ठेवा. माझं मत विचाराल तर रात्रीचं, आणि जहाजावर जे टेबलावर आणून वाढतात त्या रेस्टॉरंटमध्ये. तिकिटात धरलेलं असं एखादं रेस्टॉरंट असतं, चौकशी करून पहिल्याच दिवशी वेळ नक्की करा, शक्यतो लवकरची. तिथं सूप, मुख्य पदार्थ, गोड असं एकामागून एक येतं, माप ठरलेलं असतं, मध्ये गप्पा होतात. ही आपल्या पंगतीच्या जवळची गोष्ट आहे. ज्या दिवशी रात्री मोठं जेवण, त्या दिवशी दुपारी वरण किंवा उसळ, भाजी, दही, एक रोटी एवढंच. वरणभात तर जवळपास रोज मिळेल.

काय खायचं यावर माझी एक कसोटी आहे: जे कोल्हापुरात मिळतं ते तिथं घेऊ नका. पनीर बटर मसाला, नान, मंचुरियन, गुलाबजाम, जिलेबी हे सगळं आपल्याकडं गल्लोगल्ली आहे आणि जहाजावरच्यापेक्षा चांगलं आहे. त्याऐवजी भाजलेला मासा, वेगळी सॅलड, ऑलिव्ह, एखादा कधी न चाखलेला गोड पदार्थ घ्या, तो दोघींत एक. तिखटाची आठवण येईल, दोन दिवसांत सगळं मिळमिळीत लागायला लागेल आणि चव शोधत माणूस जास्त खात सुटतो. म्हणून बंद पाकिटातली शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी न्यायला परवानगी आहे का ते आधी विचारून घ्या. चमचाभर चटणीनं साधं वरण-रोटीचं जेवण गोड लागतं. भडंग, चिवडा, लाडू मात्र नेऊ नका. प्रवासाला निघताना डबे भरायची आपली सवय आहे, पण तिथं खाण्याची वाण नाही, आणि हे डबे खोलीत रात्री उघडले जातात.

पेयांबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण तीन-चार दिवसांच्या नोंदी लिहून आणलेल्या लोकांच्या वह्यांत मला सगळ्यात मोठा खड्डा तिथंच दिसतो. थंड पेयाच्या ३३० मिलीच्या डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, सात छोटे चमचे. मॉकटेल म्हणजे बहुतेक वेळा साखरेचं सिरप, डब्यातला रस आणि सोडा. त्यात दारू नाही म्हणून बायका आणि मुलं निर्धास्तपणं तीन-तीन पितात. नारळाच्या क्रीमचं किंवा आइस्क्रीम घातलेलं पेय असेल तर एका ग्लासात एका जेवणाइतकं पोटात जाऊ शकतं. मोठ्या काचेच्या भांड्यांतून मिळणारा 'ज्यूस' बऱ्याचदा साखर घातलेला असतो, फळच उचला. भाऊजी आणि मिस्टर घेत असतील तर त्यांच्यासाठी: दारूतल्या शुद्ध अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात. ३० मिली व्हिस्की सत्तरच्या आसपास, बिअरचा ३३० मिलीचा कॅन दीडशेच्या आसपास. पण खरा भार त्यासोबतच्या चकण्याचा असतो, तळलेले काजू, चिकनचे तळलेले तुकडे, फ्राइज. पेयांचं पॅकेज आधीच विकत घेऊ नका. एकदा पैसे भरले की पुन्हा तेच वसूल करणं सुरू होतं. पाणी, लिंबू घातलेला सोडा, बिनसाखरेचा चहा, मिळालं तर ताक, यावर दिवस छान जातो. उन्हात डेकवर बसल्यावर लागलेली तहान भुकेसारखी वाटते, बाटली जवळ ठेवा.

चालण्याचं म्हणाल तर रंकाळ्याची सवय तुम्हाला तिथं फार उपयोगी पडेल. बऱ्याच जहाजांवर वरच्या डेकला चालायचा ट्रॅक असतो आणि किती फेऱ्यांचा एक मैल होतो हे पाटीवर लिहिलेलं असतं. पहाटे साडेसहाला जा. ऊन नसतं, गर्दी नसते, समुद्र असा दिसतो की चाळीस मिनिटं कधी गेली कळत नाही. लिफ्टला गर्दी असते, तेव्हा गुडघे साथ देत असतील तर चढायला आणि उतरायला जिनाच. दिवसाला दहा-बारा मजले सहज होतात. पण जिममध्ये दोन तास घाम गाळून रात्रीचं खाणं फेडायचा विचार करू नका. अर्धा तास भरभर चालून तुमच्या वजनाला सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च होतात, ते एका मॉकटेलमध्ये परत येतात. आपल्या तालमींतली जुनी माणसं हे बरोबर ओळखून होती. दूध, तूप, बदामाची थंडाई हा खुराक हजारो जोर-बैठका मारणाऱ्या पैलवानाचा. आखाडा सुटला आणि खुराक तसाच राहिला की त्याच अंगाचं काय होतं ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. चालायचं ते भूक ताळ्यावर राहावी, झोप लागावी, पोट साफ व्हावं म्हणून.

झोपेवरून आठवलं. रात्री एक-दोनपर्यंत जागलं की दुसऱ्या दिवशी गोडाची ओढ वाढते. पाचपैकी दोन रात्री जागा, तीन रात्री वेळेवर झोपा.

बोट लागत असेल तर रिकाम्या पोटी राहू नका, मळमळ वाढते. कोरडं काहीतरी थोडं खा, आलेपाकाच्या वड्या जवळ ठेवा. औषध डॉक्टरांना विचारूनच, कारण त्यातल्या काही गोळ्यांनी झोप येते.

आता मिस्टरांकडं वळते, आणि हा भाग त्यांना वाचून दाखवा. निघण्याआधी डॉक्टरांना भेटून प्रवासाचा बेत सांगा. गोळ्या दुप्पट मोजून घ्या, एक संच तुमच्या पर्समध्ये आणि एक त्यांच्या हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगा खोलीवर पोचायला वेळ लागतो. ग्लुकोमीटर आणि पट्ट्या सोबत हव्यातच. गोड खाऊन 'एक गोळी जास्त घेतो' हे कधीही करायचं नाही. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असलेली गोळी चालू असेल तर जेवण लांबल्यावर शुगर एकदम खाली जाऊ शकते, आणि हे नेमकं बेटाच्या सहलीच्या दिवशी होतं. लक्षद्वीपला मोठं जहाज थेट बेटाला लागत नाही, लहान बोटींनी नेतात-आणतात. वाट बघणं, ऊन, पाण्यातलं चालणं, यात जेवणाची वेळ टळते. हात थरथरणं, घाम, गोंधळल्यासारखं होणं यातलं काही दिसलं तर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग काहीतरी खायला द्या. मीटर हाताशी नसेल तर साखर आधी. त्या दिवशी ग्लुकोजची पुडी त्यांच्या खिशातच हवी, तुमच्या पिशवीत नको.

आणि त्यांना किनाऱ्यावर अनवाणी फिरू देऊ नका. तिथल्या वाळूत प्रवाळाचे धारदार तुकडे असतात, दहा वर्षांच्या डायबेटिसमध्ये पायाला लागलेलं कळेलच असं नाही. सहलीसाठी म्हणून नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपलाही नकोत, त्या चावतात. वापरातले, मागून पट्टा असलेले सँडल बरे. रोज रात्री तळपाय तुम्ही स्वतः बघा.

परत आल्यावर दुसऱ्याच सकाळी काट्यावर उभ्या राहू नका. जाऊबाईंनी बहुधा तेच केलं असणार. मीठ आणि साठा उतरायला चार-पाच दिवस लागतात. आल्या दिवसापासून घरचं जेवण सुरू करा: ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, पालेभाजी, ताक, लोणचं-पापड आठवडाभर बंद. 'इतके दिवस घरचं मिळालं नाही' म्हणून रविवारी मटणाचा बेत ठरेल, सहलीच्या गप्पा मारायला पाहुणे येतील, गोव्याहून आणलेले काजू वाटीत येतील. सुटीतलं खाणं घरात शिरतं ते या वाटेनं. काजू आल्या दिवशीच वाटून टाका आणि मटणाचा बेत दुसऱ्या रविवारी ठेवा. रंकाळ्याची फेरी मात्र घरी आल्याच्या दुसऱ्या सकाळपासून, पाय जड वाटले तरी.

सातव्या दिवशी सकाळी, पोट साफ झाल्यावर वजन करा आणि बेंबीच्या पातळीवर कमरेचं माप घ्या. निघायच्या आदल्या सकाळीही दोन्ही आकडे लिहून ठेवा, म्हणजे तुलना बरोबर होईल. अर्धा-पाऊण किलो जास्त दिसलं तर घाबरायचं कारण नाही, आठ महिने जे करत आलात तेच आणखी तीन आठवडे करा. दीड किलोच्या वर राहिलं, किंवा पायावरची सूज उतरली नाही, तर मिस्टरांच्या शुगरच्या नोंदी घेऊन दोघंही या.